शब्दकोश हा चोरीचा माल आहे काय?

दरसाल फेब्रुवारी-मार्च महिने आले म्हणजे महाराष्ट्रांतील लाखों मुलें बारावीच्या व दहावीच्या परीक्षांस बसतात, आणि परीक्षागृहाच्या दाराशीं झडतीचें काम सुरू होतें. लेखणी, पट्टी, कंपासपेटी व प्रवेशपत्र एवढेंच आंत जावें, बाकीचें सर्व बाहेर राहावें, असा दंडक आहे. या दंडकाबद्दल आमची तक्रार नाहीं. परीक्षेंतील लबाडी म्हणजे प्रामाणिकपणें अभ्यास करणाऱ्या मुलाच्या घरावर घातलेला दरोडा होय. तिला आळा घालण्यासाठीं या राज्यानें १९८२ सालीं स्वतंत्र कायदा केला तो योग्यच केला. परंतु चिठ्ठ्या, मार्गदर्शकें आणि मोबाइल यांस ज्या पंक्तीस बसविलें जातें त्याच पंक्तीस शब्दकोशहि बसविला जातो, आणि यांत कांहीं विपरीत घडत आहे असें शिक्षकांस, पालकांस किंवा परीक्षकांस वाटतहि नाहीं, हें मात्र आम्हांस विपरीत वाटतें. शब्दकोश हा चोरीचा माल आहे काय, आणि नसेल तर तो परीक्षेंत केव्हां व कोणत्या नियमांनीं वापरूं द्यावा, याचा आज आम्ही थोडा विचार करणार आहों.

प्रथम चिठ्ठी आणि कोश यांतील भेद पाहूं. चिठ्ठींत उत्तर लिहिलेलें असतें. ती ज्याच्या हातीं आहे त्यास विचार करण्याची गरज उरत नाहीं. कोशांत कोणत्याहि प्रश्नाचें उत्तर नसतें; त्यांत केवळ शब्द व त्यांचे अर्थ असतात, आणि ते सर्वांस सारखेच खुले असतात. व्यापाऱ्याच्या पेढीवर तागडी व वजनें असतात म्हणून त्यास धान्याची पारख नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. तागडी माल निर्माण करीत नाहीं व भावहि ठरवीत नाहीं. ती फक्त वजनाचा वाद मिटविते. शब्दकोशाचें काम याहून निराळें नाहीं. कोश निबंध लिहून देत नाहीं, उताऱ्याचें मर्म सांगत नाहीं. अडलेल्या शब्दाचा वाद मात्र मिटवितो.

परीक्षेंत साधन नेऊं देण्याची कल्पना आमच्याकडे अगदींच नवी आहे असेंहि नाहीं. राज्य मंडळाच्या बारावीच्या पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांच्या प्रश्नपत्रिकांवर, लॉगॅरिथमचें कोष्टक वापरण्यास मोकळीक आहे, गणकयंत्र वापरण्यास नाहीं, असें स्पष्ट छापलेलें असतें. म्हणजे येथें मंडळानें विवेक केला आहे. आंकडेमोडीचा कंटाळवाणा भाग कोष्टकावर सोपवावा, शास्त्राचें ज्ञान मात्र मुलाचें स्वतःचें असावें, असा तो विवेक. पदवी मिळविलेल्या वकिलांसाठीं २०११ पासून जी अखिल भारतीय परीक्षा घेतात, तींतहि टीपा-टिप्पण्या नसलेलें कायद्याचें मूळ पुस्तक उमेदवारास जवळ ठेवतां येतें. कलमें पाठ आहेत कीं नाहींत यापेक्षां तीं योग्य प्रसंगीं लावतां येतात कीं नाहीं हें पाहणें महत्त्वाचें, हें तत्त्व त्याच्या मुळाशीं आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें तर २०२५ सालीं नववीच्या वर्गासाठीं पुस्तक समोर ठेवून द्यावयाच्या चांचणीस मान्यता दिली. कलमांचें पुस्तक वकिलास चालतें, कोष्टक विज्ञानाच्या विद्यार्थ्यास चालतें, मग शब्दकोशाचाच तेवढा भाषेच्या विद्यार्थ्यास विटाळ कां व्हावा?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाहीं. तो मुलाच्या एका वर्षाचा, आणि पुष्कळदां सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे. मराठी माध्यमांतील मुलगा दहावीस इंग्रजी ही तिसरी भाषा म्हणून घेतो. त्या प्रश्नपत्रिकेंत पूर्वीं न वाचलेला उतारा येतो. समजा, त्यांत 'ड्राउट' हा शब्द आला, आणि सगळा उतारा त्याच शब्दाभोंवतीं फिरत असला. माण-खटावच्या किंवा बीड जिल्ह्यांतल्या मुलास अवर्षण म्हणजे काय हें कोणीं शिकवावयास नको. कोरडी पडलेली विहीर, टँकरची वाट पाहणारे हंडे, छावणींतलीं जनावरें हीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलीं असतात. त्या विषयावर शहरांतील मुलापेक्षां तो शतपट अधिक सांगूं शकेल. परंतु तो एक इंग्रजी शब्द त्याच्या कानांवरून कधीं गेलेला नसतो, आणि त्या एका शब्दापायीं सबंध उताऱ्याचे गुण हातचे जातात. ज्या घरीं इंग्रजी वर्तमानपत्र येतें त्या घरच्या मुलास तो शब्द फुकट मिळालेला असतो. येथें परीक्षा कशाची झाली? वाचून समजण्याच्या शक्तीची, कीं बापाच्या घरीं येणाऱ्या वर्तमानपत्राची? हाच मुलगा पुढें अकरावीस विज्ञानशाखेंत गेला म्हणजे सर्व शास्त्रें एकदम इंग्रजींतून अंगावर येतात, आणि ज्यास पदार्थविज्ञान समजतें पण प्रश्नांतलें एखादें साधें क्रियापद समजत नाहीं, त्याची गणना मंदबुद्धींत होते. ज्या आरोपाची चौकशीच झाली नाहीं त्याबद्दल शिक्षा फर्मावण्यासारखेंच हें आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. दहावीच्या त्याच इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेंत दिलेले शब्द वर्णानुक्रमानें लावावयास सांगतात व त्यास गुण देतात. वर्णानुक्रमाचा विद्यार्थ्यास उपयोग तो कोणता? कोशांत शब्द चटकन सांपडावा हाच ना? पोहतांना हात कसे मारावे हें लेखी विचारावयाचें, पण मुलास पाण्यांत मात्र उतरूं द्यावयाचें नाहीं, असा हा प्रकार आहे.

इतर देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला तेंहि पाहण्यासारखें आहे. इटलींत शाळेच्या अखेरच्या परीक्षेंत मातृभाषेंतील निबंधाच्या प्रश्नपत्रिकेवरच इटालियन कोश वापरण्यास परवानगी असल्याचें छापतात. ज्यांची मातृभाषा इटालियन नाहीं त्यांस द्विभाषी कोशहि वापरतां येतो. आणि लॅटिन व ग्रीक उताऱ्यांचें भाषांतर तर जाडजूड कोश बाकावर ठेवूनच करावयाचें असतें. नेदरलँड्समध्यें डच भाषेचा कोश सर्वच विषयांच्या लेखी परीक्षांत चालतो. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया राज्यांत बारावीच्या इंग्रजीच्या परीक्षेस छापील कोश नेतां येतो. सिंगापुरांत चिनी, मलय व तमिळ या मातृभाषांच्या निबंधलेखनास कोश वापरूं देतात, आणि कोणते कोश मान्य आहेत याची यादी परीक्षा घेणारें मंडळ स्वतः प्रसिद्ध करतें. म्हणजे आमच्याच देशांतील एका प्राचीन भाषेचा निबंध समुद्रापलीकडील मुलगा कोश जवळ ठेवून लिहितो, आणि पुण्या-नागपुरांत मराठीचा कोश दाराबाहेर थांबतो! त्या देशांच्या परीक्षांची अब्रू त्यामुळें गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, कोश हातीं दिला म्हणजे नापास होणारेहि पास होतील व गुणांस कांहीं किंमत उरणार नाहीं. या शंकेचें उत्तर अनुभवानें दिलेलें आहे. हैफा विद्यापीठांतील बेन्सूसान व त्यांचे सहकारी यांनीं इंग्रजी उताऱ्यांच्या चांचणींत कोश वापरणारे व न वापरणारे विद्यार्थी यांची तुलना १९८४ सालीं प्रसिद्ध केली. गुणांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. १९९१ सालीं नेसी व मिआरा यांनीं तीच गोष्ट पुन्हां तपासली, तेव्हांहि निष्कर्ष बहुतेक तसाच निघाला. कोश वापरणारांस वेळ मात्र अधिक लागला. तेव्हां गुणांचा पूर येईल ही भीति निराधार आहे.

'असें असेल तर कोशाची खटपट तरी कशाला?' असें कोणी उलट विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर हेंच आमच्या सर्व म्हणण्याचें सार आहे. कोश चालविण्याची कला न शिकवितां तो हातीं दिला तर त्याचा लाभ होत नाहीं. ज्यास नौका वल्हवितां येत नाहीं त्यास वल्हें देऊन काय उपयोग? इंग्लंडांत १९९८ सालीं सोळा वर्षांच्या मुलांच्या परकीय भाषांच्या परीक्षेंत द्विभाषी कोशास परवानगी मिळाली व थोड्याच वर्षांत ती काढून घेण्यांत आली. मुलांस कोश नीट हाताळतां येतो काय, हा प्रश्न त्या वादांत पुढें आलाच. त्याच इंग्लंडांत ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं त्यांस इतर विषयांच्या परीक्षेंत द्विभाषी कोश वापरूं देतात, पण वर्गांतहि त्या विद्यार्थ्याची तीच नित्याची पद्धत असली पाहिजे अशी अट घालतात. ही अट फार शहाणपणाची आहे. आमच्याकडे तर परीक्षेंत जें नाहीं तें वर्गांत नाहीं, हा अलिखित कायदाच आहे. परीक्षेंत कोश नाहीं, म्हणून वर्गांत कोश नाहीं. वर्गांत नाहीं, म्हणून शाळेच्या कपाटांतील कोश कुलुपांत. आणि मुलगा पदवीधर झाला तरी अडलेला शब्द शोधण्याऐवजीं ओलांडून पुढें जाण्याची त्याची संवय कायम! परीक्षेचें दार कोशास उघडा म्हणजे वर्गाचें दार आपोआप उघडेल. आम्हांस परवानगी हवी ती दोन गुण वाढावे म्हणून नव्हे, तर ही संवय मोडावी म्हणून.

कोश बुद्धीस आळशी करतो, असाहि एक आक्षेप आहे. आमचा अनुभव अगदीं उलट आहे. कोश अर्थ देतो, निवड देत नाहीं. निवड बुद्धीलाच करावी लागते. 'भाव' हा शब्द घ्या. देव भावाचा भुकेला आणि व्यापारीहि भावाचाच भुकेला. पण दोघांचा भाव एक नव्हे. इंग्रजींतील 'इंटरेस्ट' या शब्दाखालीं गोडीहि सांपडेल, हितसंबंधहि सांपडेल आणि सावकाराचें व्याजहि सांपडेल. वाक्य न वाचतां पहिलाच अर्थ उचलणाऱ्याची फजिती ठरलेली. न्यायालयांतहि हेंच घडतें. विड्याचें पान ही भाजी आहे काय, आणि म्हणून त्यास भाजीपाल्याप्रमाणें विक्रीकराची माफी आहे काय, असा अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्याविरुद्धचा वाद १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. कोशाच्या व्यापक अर्थानें पाहिलें तर पानहि वनस्पतींतच मोडतें. न्यायालयानें मात्र कोशाचा नव्हे तर लोकव्यवहारांतला अर्थ धरला, आणि पानास भाजी मानण्याचें नाकारलें. देशांतील सर्वांत श्रेष्ठ न्यायाधीशांस कोश पाहूनहि विचार करावा लागतो, तर दहावीच्या मुलाचा विचार कोशानें संपेल ही भीति कशाला?

जुन्या पद्धतीचे अभिमानी म्हणतील, आमच्या पूर्वजांनीं अमरकोश मुखोद्गत केला, त्यांस पोथी उघडावी लागत नसे. त्या पाठांतराबद्दल आम्हांस पूर्ण आदर आहे. सुमारें दीड हजार श्लोक ज्याच्या जिभेवर आहेत त्याचें शब्दवैभव आजच्या विद्यार्थ्यानें हेवा करावा असेंच असे. परंतु अमरकोश हा कोशच ना? छापखाना नव्हता, पोथी दुर्मिळ होती, म्हणून विद्यार्थी तो कंठांत घेऊन हिंडत असे. परीक्षेस बसतांना तो कंठ बाहेर ठेवून ये असें त्यास कोणी गुरु सांगत नसे.

आतां नियमांविषयीं. मोकळीक द्यावी, पण मोकाट सोडूं नये. पहिला नियम असा कीं, कोश चालेल कीं नाहीं हें प्रत्येक प्रश्नपत्रिकेच्या शिरोभागीं छापावें. पर्यवेक्षकाच्या मर्जीवर कांहींहि ठेवूं नये. दुसरा नियम, जेथें शब्दाचीच परीक्षा आहे तेथें कोश नको. इंग्रजी शब्दांचे मराठी प्रतिशब्द लिहा असें दहावीस विचारतात. तेथें कोश देणें म्हणजे परीक्षाच रद्द करणें होय. शुद्धलेखनाचेंहि तसेंच. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ सालीं व आणखी चार १९७२ सालीं मान्य झाले. ते मुलास आले पाहिजेत, आणि ते पाहणारे प्रश्न कोशाविनाच सोडविले पाहिजेत. म्हणून भाषेच्या प्रश्नपत्रिकेचे दोन भाग करावे. शब्द व व्याकरण यांचा पहिला भाग लिहून दिल्यावरच उतारा, पत्र व निबंध यांच्या दुसऱ्या भागासाठीं कोश हातीं द्यावा. तिसरा नियम, कोश छापीलच असावा, आणि त्याच्या पोटांत नमुन्याचे निबंध, पत्रें व व्याकरणाचे तक्ते शिवलेले नसावे. अशा मान्य कोशांची यादी मंडळानें वर्षारंभींच प्रसिद्ध करावी. मोबाइलवरचे कोश कितीहि चांगले असोत, ज्या यंत्रांतून सगळें जग आंत येतें त्यास परीक्षागृहांत थारा नको. चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. कोश मुलानें घरून आणूं नये. तो केंद्रानें पुरवावा, आधीं पानें तपासून ठेवावीं व शेवटीं मोजून परत घ्यावे. यानें चिठ्ठी लपविण्याची वाट बंद होते, आणि श्रीमंताचा हजार पानी कोश व गरिबाचें फाटकें पुस्तक हा भेदहि मिटतो. पांचवा नियम, कोशासाठीं म्हणून जादा वेळ देऊं नये. वेळ बेतानें खर्चणें हाहि शहाणपणाचाच भाग आहे; जो प्रत्येक शब्दास कोश उघडील तो निम्मी प्रश्नपत्रिका कोरी ठेवील, व ती शिक्षा त्यास पुरे आहे. अपंग विद्यार्थ्यांस ज्या सवलती आहेत त्या अर्थात् तशाच राहाव्या.

परंतु नियम कागदावर आणि शिक्षण वर्गांत. मराठी कोश पाहणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. 'घोड्यानें' हा शब्द कोशांत नाहीं, तेथें 'घोडा' पाहावा लागतो. 'केलें' सांपडत नाहीं, 'करणें' शोधावें लागतें. 'गेला' याचें घर 'जाणें' हें आहे, हें ज्यास सांगितलेलें नाहीं तो दिवसभर पानें उलटीत बसेल. अनुस्वाराचें अक्षर आधीं कीं मागून, 'क्ष' हा 'क'च्या पोटांत कीं सर्वांच्या शेवटीं, याविषयीं कोशाकोशांच्या पद्धति भिन्न आहेत. हें सर्व पांचवीपासून आठवड्यांतून एक तास दिला तर दोन वर्षांत हातांत बसेल. त्याबरोबरच मुलांस चार गोष्टी शिकवाव्या. उतारा प्रथम अखेरपर्यंत वाचावा; अडलेल्या शब्दाचा अर्थ आधीं संदर्भावरून ताडावा; ज्यावांचून पुढचें अडतें तेवढाच शब्द शोधावा; आणि सांपडलेला अर्थ वाक्यांत घालून बसतो कीं नाहीं हें पाहूनच लेखणी उचलावी. हा विवेक ज्यास आला तो पुढें भाडेपट्टा, विम्याचा कागद किंवा बँकेचा करारनामा डोळे मिटून सही करणार नाहीं. व्यापारी बंधूंस याचें महत्त्व आम्हीं सांगावयास नको. करारांतील एका शब्दानें बुडालेल्या पेढ्या त्यांच्या परिचयाच्या असतील.

राहतां राहिला खर्च. पाठ्यपुस्तकें काढण्यासाठीं १९६७ सालीं बालभारती स्थापन झाली; तिच्यासारख्या संस्थेनें एक सुटसुटीत मराठी व एक इंग्रजी-मराठी शालेय कोश मोठ्या संख्येनें छापला तर तो स्वस्त पडेल, आणि पाठ्यपुस्तकाप्रमाणें दरसाल बदलावाहि लागणार नाहीं. सरकार हलेपर्यंत गांवच्या पुढाऱ्यांनीं वाट पाहण्याचें कारण नाहीं. गणेशोत्सवाच्या मांडवावर एका रात्रींत जेवढी रोषणाई जळते तेवढ्या पैशांत एका वर्गास पुरतील इतके कोश सहज येतील. प्रत्येक बाजारपेठेनें आपल्या गांवच्या एका शाळेस कोशांची एक पेटी द्यावी; ती पेटी वर्षभर वर्गांत उघडी राहावी, आणि परवानगी मिळाल्यावर परीक्षेच्या दिवशीं केंद्रावर जावी.

परकीय शब्दांच्या गर्दींत राज्याचा कारभार अडूं नये म्हणून शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करविला. म्हणजे कोश हें राज्य चालविण्याचें साधन आहे हें या भूमीस तेव्हांपासून ठाऊक आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आले. दाते व कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ पर्यंत खपून महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग पुरे केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां गांवोगांवीं पेढे वांटले गेले. पेढ्यांस आमची हरकत नाहीं. परंतु ज्या भाषेच्या मुलास आपलाच कोश उघडतां येत नाहीं, आणि उघडला तर तो गुन्हेगार ठरतो, त्या भाषेचा अभिजातपणा केवळ सरकारी कागदावर राहील. राज्य मंडळानें निदान नववीच्या वार्षिक परीक्षेपासून वरील नियमांनीं हा प्रयोग सुरू करावा, दोन वर्षांचा अनुभव प्रसिद्ध करावा, आणि मग दहावीचा निर्णय करावा. मुलाच्या हातांतून कोश काढून घेणें सोपें आहे. तो त्याच्या हातीं देऊन त्यास शहाणा करणें हेंच शिक्षणाचें काम आहे, आणि मंडळाच्या नांवांत 'शिक्षण' हा शब्द आहे, त्याचा अर्थ पाहण्यास तरी कोश उघडण्याची बंदी नसावी.